आधी मालकीचा इतिहास छापा : बायबल-अभ्यासाच्या संपादकांना आणि प्रकाशकांना खुलं पत्र

प्रति,
बायबल आणि आरंभीच्या ख्रिस्ती धर्मावरील संशोधन प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकांचे संपादक, ग्रंथप्रकाशक आणि विद्वत्संस्थांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मार्च २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या 'म्युझियम ऑफ द बायबल'ने एक अहवाल जाहीर केला. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे (त्या समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या यहुदी हस्तलिखितांचे) म्हणून या संग्रहालयाने घेतलेले सोळाच्या सोळा तुकडे आधुनिक काळात बनवलेले आहेत, हा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. त्यातले तेरा तुकडे चारच वर्षांपूर्वी, २०१६ मध्ये, ब्रिलसारख्या नामांकित प्रकाशनाच्या ग्रंथात छायाचित्रं, वाचन, पाठभेद आणि टिपांसह प्रसिद्ध झाले होते. बनावट माल तयार करणाऱ्यांना आम्ही पत्र लिहीत नाही, ते वाचणारही नाहीत. त्या मालाला शास्त्रीय आवृत्तीचा दर्जा ज्या व्यवस्थेतून मिळाला ती तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहोत. सगळ्यांना वाचता यावं म्हणून ते उघड लिहितो आहोत.

आमचा संबंध काय, तेही सांगतो. आम्ही मराठीतून जुना आणि नवा करार शिकणारी आणि शिकवणारी माणसं. पुण्यात, वसईत किंवा अहिल्यानगरला बायबलचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला मँचेस्टरला किंवा जेरुसलेमला जाऊन मूळ पान पाहता येत नाही. त्याच्यासमोर असते ती छापील आवृत्ती आणि तिच्या तळाशी बारीक अक्षरात दिलेला हस्तलिखिताचा क्रमांक. तो क्रमांक खरा मानायचा, कारण त्याच्यामागे तुम्ही उभे आहात. आमच्याकडे दुसरा पुरावा नाही. 'पहिल्या शतकातलं शुभवर्तमान सापडलं' ही बातमी फुकट आणि एका दिवसात जगभर पोहोचते, तिचं खंडन मात्र वर्षांनंतर, विकतच्या नियतकालिकात येतं. या मधल्या काळात जे शिकवलं जातं, त्याचं नुकसान आमच्यासारख्यांच्या वर्गात होतं.

आमची पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार मालकीच्या इतिहासाबद्दल आहे.

मृत समुद्राकाठच्या कुमरान इथल्या पहिल्या गुंडाळ्या १९४७ च्या सुमारास बेदुईन गुराख्यांना सापडल्या आणि व्यापाऱ्यांमार्फत विद्वानांपर्यंत आल्या. म्हणजे खऱ्या गुंडाळ्याही बाजारातूनच आल्या, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्यांच्यामागे उत्खनन होतं. १९४९ मध्ये पहिल्या गुहेत आणि १९५२ मध्ये चौथ्या गुहेत पुरातत्त्वज्ञांना जमिनीतून जे तुकडे मिळाले, त्यांनी बाजारातून आलेल्या हस्तलिखितांचं नातं त्या गुहांशी जोडून दिलं. अकरा गुहा आणि साडेनऊशेच्या आसपास हस्तलिखितं, एवढ्या मोठ्या संग्रहाचा पाया हा आहे. २००२ नंतर बाजारात जे सत्तरहून अधिक नवे तुकडे अवतरले, त्यांच्यामागे असं काहीच नव्हतं. कुठली गुहा, कुणी काढला, कोणत्या साली कोणत्या देशाबाहेर गेला, यातलं काही नाही. उत्तराच्या जागी 'खासगी संग्रह' एवढे दोन शब्द. आपल्याकडे गुंठाभर जमीन घेतानाही कुणी सातबारा पाहिल्याशिवाय इसार देत नाही. इथे मात्र अशा दोन शब्दांवर लाखो डॉलर मोजले गेले, आणि त्याच दोन शब्दांवर विद्वानांनी आवृत्त्या तयार केल्या.

या तुकड्यांमध्ये काय चुकलं होतं ते तपशिलात पाहायला हवं, कारण बहुतेक खुणा छापण्याआधीही दिसण्यासारख्या होत्या. कुमरानची हस्तलिखितं प्रामुख्याने लेखनासाठी पातळ करून घेतलेल्या चर्मपत्रावर आहेत. संग्रहालयाचे जवळजवळ सगळे तुकडे जाड, खडबडीत चामड्याचे निघाले. चामडं जुनं होतं, पण ते लेखनासाठी तयार केलेलंच नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली शाई भेगांमध्ये उतरलेली दिसली, म्हणजे भेग आधी पडली आणि अक्षर नंतर आलं. काही ठिकाणी शाई खनिजांच्या थरावर बसली होती, काही ठिकाणी फाटलेल्या कडेवरून खाली ओघळली होती. तुकडा जिथे फाटला आहे तिथे अक्षर कापलं जायला हवं. इथे अक्षरं कडेच्या आत मावावीत म्हणून आखडलेली आणि वळवलेली होती. वरून पिवळसर, चकाकणारा सरसासारखा थर दिलेला होता आणि शाई ओली असतानाच त्या प्रदेशातली माती भुरभुरलेली होती. यासाठी सगळी महागडी यंत्रं लागत नाहीत. चांगलं छायाचित्र, भिंग आणि शंका घेण्याची तयारी असेल तर कडेवरून ओघळलेली शाई दिसते. किप डेव्हिस त्या २०१६ च्या ग्रंथाचे सहसंपादक. पुढच्याच वर्षी त्यांनीच या तुकड्यांवरच्या शंका सविस्तर मांडल्या. एका तुकड्यावरची एक खूण तर विसाव्या शतकातल्या छापील हिब्रू बायबलच्या तळटीपेच्या चिन्हासारखी दिसत होती. डेव्हिस यांच्या प्रामाणिकपणाचा आम्हाला आदर आहे. पण हे काम ग्रंथ छापण्याआधी व्हायला हवं होतं आणि ते करवून घेणं हे प्रकाशकाचं काम होतं.

आणखी एक गोष्ट कुणालाही खटकायला हवी होती. कुमरानच्या संग्रहात बायबलमधल्या पुस्तकांच्या प्रती साधारण एक चतुर्थांश आहेत, बाकी नियम, स्तोत्रं, भाष्यं, पंचांगं असा मजकूर आहे. २००२ नंतरच्या तुकड्यांत मात्र बहुतांश मजकूर बायबलमधला निघाला. उत्पत्ती किंवा लेवीय यातल्या ओळखीच्या वचनाला गिऱ्हाईक मिळतं, पंथाच्या अनोळखी नियमाला मिळत नाही. बाजार जे मागत होता तेच गुहेतून निघत होतं, आणि हे प्रमाण मोजायला कुठलीही प्रयोगशाळा लागत नव्हती.

दुसरी तक्रार प्रयोगशाळेच्या निकालाचा जो अर्थ तुम्ही छापू देता त्याबद्दल आहे.

सप्टेंबर २०१२ मध्ये रोम इथे, कॉप्टिक या प्राचीन इजिप्तच्या भाषेच्या अभ्यासकांच्या परिषदेत हार्वर्डच्या कॅरन किंग यांनी साधारण चार बाय आठ सेंटिमीटरचा पपायरस, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून बनवलेल्या कागदाचा तुकडा, जाहीर केला. त्यात येशूच्या तोंडी 'माझी पत्नी' असे शब्द होते. त्यावरचा लेख एप्रिल २०१४ मध्ये 'हार्वर्ड थिऑलॉजिकल रिव्ह्यू'मध्ये आला, सोबत कार्बन-कालमापन आणि शाईची तपासणी होती. एका कालमापनात पपायरस ख्रिस्तपूर्व काळातला ठरला होता, दुसऱ्यात सातव्या ते नवव्या शतकातला. शाई काजळीची, म्हणजे प्राचीन शाईशी विसंगत नाही, असं सांगितलं गेलं आणि जगभर त्याचा अर्थ 'विज्ञानाने खरा ठरवला' असा घेतला गेला.

कार्बन-कालमापन वनस्पती केव्हा तोडली ते सांगतं, तिच्यावर केव्हा लिहिलं ते सांगत नाही. कोरे प्राचीन पपायरस बाजारात मिळतात. काजळी आणि डिंक घोटून आजही तीच शाई तयार होते. म्हणून या दोन चाचण्या बनावट पकडू शकतात, खरेपणा सिद्ध करू शकत नाहीत. लेखाच्या सारांशातच हे वाक्य ठळक यायला हवं होतं.

निकाल शेवटी मजकुरातूनच लागला. डरहॅमच्या फ्रान्सिस वॉटसन यांनी २०१२ मध्येच दाखवलं होतं की हा मजकूर थोमाच्या शुभवर्तमानातले (बायबलबाहेरच्या एका कॉप्टिक ग्रंथातले) शब्द आणि वाक्यांश उचलून जोडलेला आहे. अँड्र्यू बर्नहार्ड यांनी पुढचं दाखवलं : थोमाच्या शुभवर्तमानाची जी शब्दशः आवृत्ती इंटरनेटवर होती, तिच्यात एका ठिकाणी एक अक्षर चुकून गळलं होतं आणि तेच अक्षर या 'प्राचीन' तुकड्यातही गळलेलं होतं. मग ख्रिश्चन आस्कलंड यांनी त्याच मालकाकडून आलेला योहानाच्या शुभवर्तमानाचा तुकडा पाहिला. हस्ताक्षर तेच, आणि ओळी १९२४ मध्ये हर्बर्ट थॉम्पसन यांनी प्रसिद्ध केलेल्या एका कॉप्टिक हस्तलिखिताच्या छापील आवृत्तीतून एकाआड एक उचललेल्या. सतरा ठिकाणी ओळ जिथे तुटते, तिथेच छापील आवृत्तीतही तुटते. शिवाय ज्या कॉप्टिक बोलीत तो लिहिला आहे, ती कालमापनाने दिलेल्या शतकांच्या आधीच लेखनातून गेलेली होती. हे सगळं छायाचित्रं उघड झाल्यावर काही आठवड्यांत घडलं. तीच छायाचित्रं लेख स्वीकारण्याआधी पाच-सहा कॉप्टिकतज्ज्ञांना दिली असती तर?

मालकाचं नाव मात्र गुप्तच राहिलं. त्याने दिलेली खरेदीची कागदपत्रं कुणी तपासली नाहीत. ते काम शेवटी २०१६ मध्ये एका पत्रकाराने केलं, आणि त्यानंतर किंग यांनीही मान्य केलं की पारडं बनावटीच्या बाजूला झुकतं. नियतकालिकाने तरीही लेख मागे घ्यायला नकार दिला. नियतकालिकाने खरेपणाबाबत स्वतःची भूमिका कधी घेतलीच नव्हती, असं कारण दिलं गेलं. हे कारण आम्ही मान्य करू शकत नाही. ज्या लेखाचा सगळा आधार एका वस्तूवर आहे आणि ती वस्तूच उभी राहत नाही, तो लेख कुणाच्या नावावर उभा आहे?

तिसरी तक्रार गुप्ततेच्या करारांची आहे.

फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका जाहीर वादविवादात नव्या कराराच्या हस्तलिखितांचे अभ्यासक डॅनियल वॉलेस यांनी सांगितलं की मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिल्या शतकातला तुकडा सापडला आहे. तपशील विचारला तर करारामुळे सांगता येत नाही, असं उत्तर. ममीच्या मुखवट्यातून अशी हस्तलिखितं निघतात, असंही पुढे सांगितलं गेलं. टाकाऊ पपायरस चिकटवून मुखवटे बनवण्याची पद्धत रोमन सम्राट ऑगस्टसच्या, म्हणजे येशूच्या जन्माच्या, काळाच्या सुमारास संपते आणि मार्कचं शुभवर्तमान इ. स. ७० च्या आसपासचं मानलं जातं. एवढं एक कारण थांबून विचारण्यासाठी पुरेसं होतं. तरी सहा वर्षं हा 'पुरावा' व्याख्यानांत आणि प्रवचनांत वापरला गेला, कारण ज्यांना माहीत होतं त्यांनी गप्प राहण्याची सही केली होती.

मे २०१८ मध्ये तो तुकडा प्रसिद्ध झाला : ऑक्सिऱ्हिंकस पपायरस ५३४५, नव्या कराराच्या यादीत पपायरस १३७, काळ दुसरं किंवा तिसरं शतक. तो कधी मुखवट्यात नव्हताच. इजिप्त एक्स्प्लोरेशन सोसायटीसाठी ग्रेनफेल आणि हंट यांनी एका शतकापूर्वी खणून काढलेल्या सुमारे पाच लाख तुकड्यांपैकी तो एक. पुढे २०१९ मध्ये उघड झालं की याच सोसायटीच्या संग्रहातले तेरा तुकडे वॉशिंग्टनच्या संग्रहालयात पोहोचले होते आणि एकूण सुमारे एकशेवीस गहाळ होते. त्यांतल्या बहुतेकांची नोंदपत्रकं आणि छायाचित्रंही जागेवर नव्हती. ज्या अभ्यासकावर आरोप झाले त्यांनी ते नाकारले आहेत आणि त्याचा निवाडा आम्ही करणार नाही. पण त्या सहा वर्षांत एकाही संपादकाने किंवा संस्थेने 'करार रद्द करा, नाहीतर या दाव्याचा उल्लेख आमच्या व्यासपीठावर नको' असं म्हटलं असतं, तर ही साखळी लवकर उलगडली असती.

चौथी तक्रार नव्या तंत्रातून उभी राहते, आणि ती पुढच्या काळात वाढणार आहे. जून २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या गटाने 'इनॉक' नावाची संगणकीय पद्धत प्रसिद्ध केली. कार्बन-कालमापन झालेल्या २४ हस्तलिखितांच्या अक्षरवळणावरून ती इतर गुंडाळ्यांच्या काळाचा अंदाज देते. काम मोलाचं आहे. हस्ताक्षरावरून ठरवलेल्या तारखा किती सैल असतात, हे नव्या कराराच्या पपायरसांबाबत गेली वीस वर्षं चर्चेत आहे. मँचेस्टरचा पपायरस ५२, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचा एक तुकडा, हे त्याचं उदाहरण : १९२० मध्ये बाजारातून घेतलेला, १९३५ मध्ये दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरवलेला, आणि आता त्याची मर्यादा बरीच पुढे जाऊ शकते असं मानणारे अभ्यासक आहेत. पण यंत्र जे पाहील तेच शिकेल. संशयास्पद तुकडे चित्रसंग्रहांत आणि याद्यांत वेगळी खूण न करता पडून राहिले, तर बनावट करणाऱ्याचं हस्ताक्षर 'हेरोदकालीन वळण' (हेरोद राजाच्या काळातलं अक्षरवळण) म्हणून मोजलं जाईल. तेव्हा ते वेगळं काढणं आजच्या कितीतरी पट अवघड असेल.

'आम्ही छापलं नाही तर मजकूर कायमचा हरवेल' हा युक्तिवाद आम्ही गंभीरपणे घेतो. यहूदाच्या शुभवर्तमानाची (बायबलबाहेरच्या एका प्राचीन ग्रंथाची) पोथी खरी आहे, तिच्याशिवाय दुसऱ्या शतकातल्या वादांचं आपलं चित्र अपुरं राहिलं असतं. पण तिची दशा बाजारानेच केली. ती न्यूयॉर्कजवळच्या एका बँकेच्या तिजोरीत सोळा वर्षं पडून होती, मग एका विक्रेत्याने गोठवून ठेवली. पपायरसमधलं पाणी गोठलं आणि वितळलं की धागे सुटतात, शाई सरकते. २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा तिचा बराच भाग चुऱ्याच्या रूपात होता. आणि ती नेमकी कुठल्या थडग्यातून, कशासोबत निघाली हे कायमचं गेलं. छापून मिळालेला मान पुढच्या तुकड्याची किंमत वाढवतो आणि पुढचं थडगं खणलं जातं. भारतात पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ चा आहे, तरी आपल्या मंदिरांतल्या मूर्ती परदेशी लिलावांत दिसल्या. या व्यवहाराची वाट आम्हाला परकी नाही.

तुमच्यातल्या काहींनी पावलं उचलली आहेत हेही नोंदवतो. सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचरने २०१६ मध्ये उगमाची माहिती नसलेल्या वस्तूंविषयी धोरण स्वीकारलं. ब्रिलने २०२१ मध्ये साफो या कवयित्रीच्या पपायरसवरचं, उगमाची माहिती विश्वासार्ह न राहिलेलं प्रकरण मागे घेतलं. म्हणजे हे करता येतं.

आमच्या मागण्या अशा आहेत.

बाजारातून आलेलं कोणतंही हस्तलिखित पहिल्यांदा प्रसिद्ध करताना विक्रेत्याचं नाव, शहर, तारीख, निर्यात परवाना आणि आधीच्या प्रत्येक मालकाचं नाव लेखातच छापा. कागदपत्रांची छायाचित्रंही द्या. सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा ने-आण रोखणाऱ्या १९७० च्या युनेस्को करारापूर्वी वस्तू मूळ देशाबाहेर होती याचा कागद नसेल तर लेख परत पाठवा. मूळ देशाच्या पुरातत्त्व खात्याला कळवून वस्तू परत करण्याचा लेखी करार झाला असेल, तेवढाच अपवाद असावा.

ही कागदपत्रं लेखकाने किंवा मालकाने नव्हे, तिसऱ्या व्यक्तीने तपासावीत. पत्रात ज्या माणसाचं नाव आहे तो त्या साली त्या गावात होता का, पत्राचा कागद, टंक आणि पत्ता त्या काळाशी जुळतो का, हे पाहणं काही दिवसांचं काम आहे.

दोन्ही बाजूंची उच्च दर्जाची छायाचित्रं, अवरक्त प्रकाशातलीही, परीक्षकांना लेखासोबतच द्या. परीक्षकांत त्या भाषेचा आणि त्या काळच्या हस्ताक्षराचा जाणकार असलाच पाहिजे. आधी छायाचित्रण, मग सूक्ष्मदर्शक, मग शाईची तपासणी, आणि नमुना कापावा लागणारं कालमापन शेवटी, हा क्रम पाळा. अनुकूल नसलेले निकालही पूर्ण छापा.

गुप्ततेचा करार केलेल्या अभ्यासकाचा त्या वस्तूवरचा लेख किंवा व्याख्यान स्वीकारू नका. ज्याने त्या वस्तूच्या खरेदी-विक्रीत मानधन घेतलं असेल, त्याला लेखक किंवा परीक्षक करू नका. परीक्षण पूर्ण होण्याआधी पत्रकार परिषद नको.

बनावट सिद्ध झालेल्या वस्तूवरचे लेख मागे घ्या. मागे घेण्याची सूचना मूळ लेखाच्या पहिल्या पानावर, विनामूल्य वाचता येईल अशी लावा. मग तो जालावर असो की छापील आवृत्तीच्या नव्या मुद्रणात. हस्तलिखितांना क्रमांक देणाऱ्या संस्थांनी यादीत उगमाचा एक स्वतंत्र रकाना ठेवावा : 'उत्खननातून', 'कागदपत्रांसह', 'अज्ञात' आणि 'बनावट'. 'अज्ञात' आणि 'बनावट' रकान्यातलं काहीही संगणकीय अभ्यासाच्या मूळ नमुन्यांत घेऊ नये.

यातल्या कोणत्या मागण्या तुम्ही मान्य करता, कोणत्या नाही आणि का, हे तुमच्या पुढच्या अंकाच्या संपादकीयात किंवा संकेतस्थळावर लिहा. २००२ नंतर बाजारातून आलेली जी हस्तलिखितं तुम्ही आजवर प्रसिद्ध केली आहेत, त्यांची यादी उगमाच्या माहितीसह त्याच ठिकाणी द्या. त्या यादीवर काम करायला, वाचन ताडून पाहायला आणि ती मराठीत आणायला आम्ही तयार आहोत.

आपले,
मराठीतून बायबलच्या हस्तलिखितांचा अभ्यास करणारे वाचक आणि अध्यापक